लंडनचं जॅझ एफएम मधे बंद पडलं होतं का? त्याचा इतिहास कुणी सांगेल का?

पावसाळी_लीड्स

नमस्कार मंडळी. कामानिमित्त लीड्सला आलोय आणि रोज ऑफिसला जातायेता गाडीत डॅब म्हणजे डिजिटल रेडिओ लावतो, त्यात फिरवता फिरवता जॅझ एफएम सापडलं आणि तेव्हापासून दुसरं काही लावलंच नाहीये. घरी लहानपणापासून नाट्यसंगीत आणि खयाल ऐकत आलोय, जॅझ कधी मुद्दाम ऐकलं नव्हतं, पण एकच चीज घेऊन प्रत्येकाने आपापल्या परीने ती फुलवायची हे कानाला लगेच ओळखीचं वाटलं.

तर प्रश्न असा की ऑफिसातले एक इंग्रज सहकारी, वयाने बरेच मोठे, ते म्हणाले अरे ते स्टेशन तर कधीच गेलं, त्याचं स्मूथ झालं. आणि स्टेशनबद्दल वाचावं तर १९९० पासूनचं आहे असं दिसतं. मग नक्की काय झालं होतं?

दुसरं म्हणजे हे बीबीसी नाही, लोकांच्या टीव्ही लायसन्सच्या पैशावर चालत नाही, मधे मधे जाहिराती लागतात. मग फक्त जॅझ लावून एवढी वर्षं खर्च कसा निघतो? आणि तिसरं, हे जरा अवांतर, पण मुंबईत एके काळी ताजसारख्या हॉटेलांत रोज रात्री जॅझ वाजायचं, गोव्याचे इतके वादक तिथे होते, तरी प्रायव्हेट एफएम आल्यावर एकही जॅझ स्टेशन का निघालं नाही?

कुणी जाणकार असेल तर सविस्तर लिहा, मला घाई नाही.

---

टेम्सकाठचा

पावसाळी, तुमच्या सहकाऱ्यांचंही खरं आहे आणि स्टेशनचंही. मी ऐंशीच्या दशकापासून लंडनमध्ये आहे आणि हे स्टेशन पहिल्यापासून ऐकतोय म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हे स्टेशन निघालंच कसं ते बघा. इथे तेव्हा कमर्शियल रेडिओ म्हणजे प्रत्येक शहरात एखाददोन स्टेशनं, सगळी साधारण एकाच वळणाची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आयबीए म्हणजे तेव्हाची नियामक संस्था, तिने ठरवलं की जिथे आधीच स्टेशन आहे तिथे आणखी काही लायसन्स द्यायची, पण अट ही की जे मिळत नाही ते द्यायला पाहिजे, एखाद्या समाजासाठी किंवा एखाद्या प्रकारच्या संगीतासाठी. त्यालाच इन्क्रिमेंटल लायसन्स म्हणायचे. आपल्या लोकांना माहीत असलेलं सनराईज रेडिओ, पश्चिम लंडनचं, हिंदी गाणी लावणारं, ते नोव्हेंबर १९८९ मध्ये सुरू झालं ते ह्याच योजनेतून. किस एफएम कायदेशीर झालं तेही ह्यातूनच, आणि जॅझ एफएमसुद्धा. म्हणजे साउथॉलच्या दुकानांत लता-रफी ऐकू येणं आणि लंडनभर जॅझ ऐकू येणं ह्या दोन्ही गोष्टी सरकारी धोरणाच्या एकाच वळणावर झाल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ह्याच्या मागे मुख्य माणूस डेव्ह ली, स्वतः जॅझ पियानो वाजवणारा आणि संगीतकार. पीटर सेलर्स आणि सोफिया लॉरेनचं १९६० सालचं ते भारतीय डॉक्टरचं गाणं त्याच्याच चालीचं. ४ मार्च १९९० ला १०२.२ वर स्टेशन सुरू झालं आणि लाँचसाठी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये काउंट बेसी ऑर्केस्ट्राबरोबर गायला कोण, तर जॅझची थोर गायिका, खुद्द एला फिट्झगेराल्ड! तेव्हा तिची तब्येत काही बरी नव्हती, तरी ती आली आणि गायली. नव्या रेडिओ स्टेशनची इतकी मोठी सुरुवात मी तरी दुसरी बघितली नाही.

पण वेळ वाईट निघाली. १९९० म्हणजे इथे मंदी सुरू झाली, घरांच्या किमती पडल्या, कंपन्यांनी सगळ्यात आधी हात आखडता घेतला तो जाहिरातींचा. जॅझ ऐकणारा माणूस सहसा पैसेवाला असतो, गाड्या, दारू, बँका ह्यांना तो हवा असतो, हे गणित कागदावर बरोबर होतं पण मंदीत चाललं नाही. सुरुवातीच्या निवेदकांची आणि निर्मात्यांची फळी पहिल्या वर्षा-दीड वर्षातच फुटली. गिल्स पीटरसन, जो पुढे बीबीसीवर एवढा मोठा झाला, तो तेव्हा इथे होता आणि १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी त्याने आपल्या कार्यक्रमातून उघड शांततेची बाजू घेतली म्हणून त्याला जावं लागलं. सोनिटा ॲलन, जेझ नेल्सन आणि ख्रिस फिलिप्स ही तिथेच काम केलेली मंडळी, त्यांनी बाहेर पडून १९९१ मध्ये समथिंग एल्स नावाची स्वतःची निर्मिती कंपनी काढली, ती पुढे बीबीसीला कार्यक्रम पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली, आणि सोनिटाबाई २०१९ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या प्रमुख झाल्या. म्हणजे स्टेशनने माणसं गमावली तरी ब्रिटिश रेडिओला ती मिळाली.

मग गोल्डन रोझ नावाच्या कंपनीकडे स्टेशन गेलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाव चक्क जेएफएम झालं. जॅझ शब्द पुसून नुसती आद्याक्षरं! दिवसा सोल, ब्लूज, आर अँड बी वाढलं आणि खरं जॅझ हळूहळू संध्याकाळी-रात्री सरकत गेलं. त्याच गोल्डन रोझने १९९५ मध्ये बायकांसाठी विवा म्हणून वेगळं स्टेशन काढून बघितलं, ते चाललं नाही आणि अल फायेद ह्या उद्योगपतीला विकावं लागलं. १९९४ मध्ये मँचेस्टरकडे १०० पॉइंट ४ वर दुसरं जॅझ एफएम निघालं होतं, ते मात्र टिकलं. १९९५ मध्ये रिचर्ड व्हीटली आला, जाहिरात क्षेत्रातला मुरलेला माणूस, आणि जॅझ एफएम हेच नाव घेऊन त्याने स्टेशन पुन्हा उभं केलं.

पुढचं रात्री लिहितो, आत्ता निघायला हवं.

---

मंदारमाला

वा, वाचतेय. ह्यात एक भर घालते कारण माझ्या ब्रिटनमधल्या पहिल्या काही वर्षांत संध्याकाळचा सोबती हेच स्टेशन होतं. हेलन मेह्यूचं डिनर जॅझ! स्वयंपाक करताना लावायचं आणि ती बाई इतकं शांत बोलायची, गाण्याच्या आधी दोन वाक्यं, कोण वाजवतंय, कुठल्या सालचं, बस. कितीतरी वादकांची नावं मला तिच्यामुळे कळली, पुस्तकं वाचून नाही.

आणि खर्च कसा निघायचा ह्या प्रश्नाला एक उत्तर हे की नुसत्या जाहिरातींवर नव्हतं. ते स्वतःच्या नावाने सीडी काढायचे. हेड कँडी माहिती असेल, क्लबमधल्या हाऊस म्युझिकच्या त्या रंगीत चित्रांच्या कव्हरच्या सीड्या ज्या दोन हजारच्या आसपास सगळीकडे दिसायच्या, ते लेबल मुळात जॅझ एफएमचं! मार्क डॉयलने १९९९ मध्ये तिथेच ते सुरू केलं आणि २००६ मध्ये मिनिस्ट्री ऑफ साउंडने विकत घेतलं. मला कळलं तेव्हा विश्वासच बसला नव्हता, पण ज्या काळात सीड्या खपत होत्या त्या काळात रेडिओवाल्यांना हा चांगला आधार होता.

---

टेम्सकाठचा

मंदारमालाताई, हेड कँडीचं बरं आठवण करून दिलंत.

तर पुढे. २००२ मध्ये गार्डियन मीडिया ग्रुपने सगळी कंपनी साधारण साडेचार कोटी पौंडांना घेतली. एवढे पैसे जॅझवरच्या प्रेमापोटी कोणी देत नाही, लंडन आणि वायव्य इंग्लंडमधल्या त्या दोन फ्रीक्वेन्सींची ती किंमत होती, कारण नवीन एफएम फ्रीक्वेन्सी लंडनमध्ये उरलीच नव्हती. मग त्यांचं म्हणणं पडलं की स्टेशनच्या नावात जॅझ आहे म्हणून लोक फिरकतच नाहीत. मार्च २००४ मध्ये मँचेस्टरचं स्मूथ एफएम झालं आणि जून २००५ मध्ये लंडनचं. तुमचे सहकारी म्हणतात ते हेच. त्या दिवशी पंधरा वर्षांचं स्टेशन एफएमवरून गेलं, आणि ज्यांनी रोज ऐकलं होतं त्यांना ते फार लागलं, मलाही लागलं.

पण गोष्ट इथे संपत नाही आणि मला जे सांगायचंय ते हेच आहे. लायसन्सवर लिहिलेलं होतं ना, की हे स्टेशन अमुक प्रकारचं संगीत देईल! इकडे त्याला आधी प्रॉमिस ऑफ परफॉर्मन्स म्हणायचे, नंतर नुसतं फॉरमॅट. मालक बदलला, नाव बदललं तरी तो कागद तसाच राहतो. त्यामुळे स्मूथ झाल्यावरसुद्धा आठवड्याला ४५ तास जॅझ लावणं त्यांना बंधनकारक होतं, मग ते रात्री उशिरा लावायचे, दिवसभर सोल आणि हळुवार गाणी आणि मध्यरात्रीच्या आसपास कोलट्रेनसारख्यांचं खरं जॅझ. ऐकायला जागं राहावं लागायचं, पण लावावं लागायचंच.

२००८ मध्ये कंपनी ऑफकॉमकडे, म्हणजे आताच्या नियामक संस्थेकडे, गेली की हे ४५ तास काढून टाका. आणि ते काढून टाकताना बदल्यात काय देणार तर जॅझ एफएम ह्याच नावाने वेगळं डिजिटल स्टेशन. ६ ऑक्टोबर २००८ ला ते सुरू झालं, लंडन, वायव्य इंग्लंड, वेस्ट मिडलंड्स आणि ग्लासगोकडे डॅबवर. पुढच्याच वर्षी व्हीटलीने येऊन ते स्टेशन परत आपल्या हातात घेतलं आणि २०१५ मध्ये वारला तोपर्यंत चालवलं. २०१८ मध्ये बाउअर ह्या रेडिओ कंपनीने विकत घेतलं, आज तुम्ही गाडीत ऐकता ते हे.

म्हणजे सरळ हिशेब आहे, लायसन्समध्ये ते ४५ तास लिहिलेले नसते तर २००५ मध्येच सगळं संपलं असतं आणि परत आणायला कोणाला काही कारणच उरलं नसतं. जॅझला बाजाराने वाचवलं नाही, त्या एका अटीने वाचवलं.

---

हडसनपार

टेम्सकाठचा, फारच छान लिहिलंत, पण शेवटच्या वाक्यावर माझं थोडं वेगळं मत आहे, मी न्यू जर्सीत असतो आणि इथली गोष्ट वाचलीत तर तुमचा मुद्दा एका अर्थी पटतो आणि एका अर्थी नाही.

न्यूयॉर्कला १०६.७ वर डब्ल्यूआरव्हीआर होतं. १९६१ मध्ये रिव्हरसाइड चर्चने काढलेलं, हो, चर्चने, हडसनच्या काठावर ते उंच चर्च आहे ना तेच. बातम्या, भाषणं, नागरी हक्कांच्या चळवळीचं वार्तांकन आणि एड बीच नावाच्या माणसाचा जॅझचा कार्यक्रम, जो एकेका वादकावर दोन दोन तास बोलायचा आणि वाजवायचा. सत्तरच्या दशकात ते पूर्ण जॅझ झालं, १९७६ च्या सुमारास चर्चने सोंडरलिंग कंपनीला विकलं, ती कंपनी व्हायाकॉमने घेतली आणि सप्टेंबर १९८० मध्ये एका रात्रीत, श्रोत्यांना काहीही न सांगता, कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकन ग्रामीण वळणाची गाणी, सुरू. न्यूयॉर्कमध्ये कंट्री! लोक झोपेतून उठले आणि मोठ्या शहरातलं त्यांचं जॅझ स्टेशन नाहीसं झालं होतं. श्रोत्यांनी समिती काढली, एफसीसीकडे, म्हणजे इथल्या नियामक संस्थेकडे, अर्ज केले, काही झालं नाही. आणि पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका शास्त्रीय संगीताच्या स्टेशनच्या खटल्यात सांगून टाकलं की स्टेशनने कुठलं संगीत लावायचं ह्यात एफसीसीने पडायची गरज नाही, ते बाजार ठरवेल. म्हणजे तुमच्याकडच्यासारखी ४५ तासांची अट इथे कोणी घालतच नाही. कंट्रीसुद्धा फार चाललं नाही, १९८४ मध्ये त्याच फ्रीक्वेन्सीवर लाइट एफएम आलं आणि ते मात्र जोरात चालतं.

कॅलिफोर्नियात केजॅझ होतं, पॅट हेन्रीने १९५९ मध्ये काढलेलं, ते १९९४ पर्यंत टिकलं, शेवटी शेवटी मालकाच्या खिशातल्या पैशावर. मग स्मूथ जॅझची, म्हणजे हळुवार, गुळगुळीत केलेल्या जॅझची लाट. १९८७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला एक नावाजलेलं रॉक स्टेशन बंद करून द वेव्ह सुरू केलं, पहिल्यांदा तर त्यावर निवेदकही नव्हते, नुसतं संगीत. ते चाललं म्हटल्यावर शिकागोत डब्ल्यूएनयूए, न्यूयॉर्कमध्ये सीडी १०१.९, शहराशहरात तेच. श्रोत्यांना खोलीत बसवून गाण्यांचे तुकडे ऐकवायचे, आवडलं नाही आवडलं ते मशीनवर नोंदवून घ्यायचं आणि त्यावर प्लेलिस्ट ठरवायची. त्यात सोलो, म्हणजे एकेका वादकाने आपल्या परीने फुलवायचा भाग, लांबला की तो कापला जाणार हे उघड आहे, आणि जॅझमधून सोलो काढल्यावर राहतं काय?

पण तेही बुडालं, आणि कशाने तर मोजण्याची पद्धत बदलली म्हणून. आधी लोक आठवड्याची वही भरायचे, आपण काय ऐकलं ते आठवून लिहायचे, त्यात आवडत्या स्टेशनचं नाव दिवसभर लिहून टाकायचे. मग पेजरसारखं यंत्र आलं, पीपीएम, कमरेला लावायचं, ते कानावर पडणाऱ्या स्टेशनचा सिग्नल स्वतः नोंदवतं. त्यात स्मूथ जॅझचे आकडे धाडकन खाली आले. न्यूयॉर्कचं स्टेशन २००८ च्या फेब्रुवारीत रॉक झालं, शिकागोचं २००९ मध्ये गेलं.

आज इथे चोवीस तास जॅझ ऐकायचं तर डब्ल्यूबीजीओ, नेवार्कचं, ८८.३. कमर्शियल नाही. १९७९ पासून लोकांच्या देणग्यांवर चालतंय, वर्षातून ठरावीक दिवस पैसे मागतात, आम्ही देतो. म्हणून मी म्हणतो, अट नव्हे, मालकी महत्त्वाची. ज्याला नफा काढायचाय त्याच्या हातात जॅझ कायमचं राहणार नाही.

---

गिरगाव_९४

मी काही वर्षं मुंबईत एफएमच्या जाहिरात विभागात काम केलंय, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, मुंबईत जॅझ स्टेशन का नाही.

ह्यात आवडीनिवडीचा भाग कमी आणि लायसन्सचा जास्त. १९९९ मध्ये सरकारने ४० शहरांतल्या १०८ फ्रीक्वेन्सींचा लिलाव काढला. लिलाव म्हणजे जो जास्त बोली लावेल त्याला, तुम्ही काय ऐकवणार हे कोणी विचारतच नव्हतं. मुंबईत बोली पावणेदहा कोटींपर्यंत गेली, एका वर्षाची, एका फ्रीक्वेन्सीची, आणि वर ती फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार अशी अट. एवढे पैसे पहिल्या दिवसापासून भरायचे म्हटल्यावर कोण जॅझ लावेल? सगळ्यांना सगळी मुंबई हवी, सगळी मुंबई म्हणजे हिंदी सिनेमाची गाणी, म्हणून सगळी स्टेशनं सारखी. अनेक जणांनी तर बोली लावून पुढे स्टेशन काढलंच नाही. त्यातही २००२ मध्ये गो ९२.५ निघालं होतं, इंग्रजी गाण्यांचं, मला फार आवडायचं, पण तेही हळूहळू हिंदीकडे वळलं आणि पुढे रेडिओ वन झालं.

२००५ मध्ये नियम बदलले, एकदाच प्रवेश फी आणि नंतर उत्पन्नाचे ४ टक्के, त्याने स्टेशनं जगली, संख्या वाढली. पण फॉरमॅटची अट तेव्हाही आली नाही. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत हे लिहिलंय, वेगळं संगीत द्या हे कुठेच लिहिलेलं नाही. टेम्सकाठचा म्हणतात तशी इन्क्रिमेंटल लायसन्स जर मुंबईत एखाद-दोन दिली असती, कमी फीवर, की बाबा ह्यावर जॅझ लाव, ह्यावर शास्त्रीय लाव, ह्यावर लावणी आणि लोकसंगीत लाव, तर जाहिरातदार मिळाले असते, हे मी विकायच्या बाजूने सांगतो. दक्षिण मुंबईतला, पुण्यातला जो ग्राहक गाड्यांच्या कंपन्यांना हवा असतो तो कुठल्याच एफएमवर एकगठ्ठा सापडत नाही ही तेव्हाही तक्रार होती.

आणि वादकांबद्दल बोलाल तर ताजमध्ये वाजवणारे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही गोव्याची मंडळी पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. त्यांचं वाजवणं हिंदी गाण्यांतून रोज रेडिओवर लागतं, फक्त निवेदक त्यांचं नाव घेत नाही. निदान तेवढं तरी सुरू करायला कुठल्याही लायसन्सची गरज नाही.

---

पावसाळी_लीड्स

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. सहकाऱ्यांना उद्या २००५ आणि २००८ दोन्ही सांगतो.

एकच विचारतो, टेम्सकाठचा, आता जे डॅबवर आहे त्यालाही ती अट लागू आहे का? म्हणजे बाउअरने उद्या ठरवलं तर ते बंद करू शकतात का?

---

टेम्सकाठचा

करू शकतात. आठवड्याला इतके तास जॅझ, असं जे जुन्या एफएम लायसन्सवर होतं ते बंधन आता नाही. डॅबवर जागा भाड्याने घ्यावी लागते आणि देशभराची जागा महाग पडते, त्यामुळेच २०१३ च्या शेवटी जॅझ एफएमने देशभरातलं डॅब सोडलं होतं आणि मधली दोन वर्षं तुमच्या लीड्समध्ये गाडीत ते लागलंच नसतं, लंडनबाहेरच्यांना इंटरनेटवर नाहीतर डिशवर ऐकावं लागायचं. २०१६ मध्ये दुसरं राष्ट्रीय डॅब जाळं सुरू झालं तेव्हा परत आलं.

हडसनपार, तुमचं मालकीचं म्हणणं मी खोडत नाही, नेवार्कचं स्टेशन मीही इंटरनेटवर ऐकतो. पण व्हीटलीने २००९ मध्ये जे विकत घेतलं ते विकत घेण्याजोगं शिल्लक कशामुळे होतं तेही बघा. आधी अट होती म्हणून स्टेशन उरलं, मग त्याला जीव लावणारा मालक मिळाला. तुमच्याकडे १९८० मध्ये असा मालक कदाचित मिळालाही असता, पण एका रात्रीत गाणी बदलली आणि त्याला यायला वेळच मिळाला नाही.

पावसाळी, बाउअरला ऐकणाऱ्यांचे आकडे दिसतात, त्यामुळे रोज लावत राहा आणि ऑफिसातल्या त्या सहकाऱ्यांनाही लावायला सांगा.